'लेडी बी गुड' : समुद्रात बुडाल्याची नोंद, वाळवंटात सापडलेले विमान

लिबियाच्या नकाशावर बेनगाझीवर बोट ठेवून ते खाली, थोडेसे पूर्वेकडे सरकवत नेले, की आधी गावे संपतात, मग रस्ते संपतात आणि कालान्शोचा वाळूचा सागर लागतो. १९५८ साली या भागावरून उडताना तेलाचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश पथकाला खाली एक मोठे विमान दिसले. ते पोटावर टेकलेले होते आणि त्याची पाठ मोडली होती. अमेरिकेचा त्या वेळी ट्रिपोलीजवळ व्हीलस हा हवाई तळ होता. तिथे चौकशी केली, तर त्या बाजूला आपले एकही विमान हरवल्याची नोंद नाही, असे कळले.

नोंद खरेच नव्हती. कागदोपत्री ते विमान पंधरा वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रात बुडाले होते.

विमान बी-२४ लिबरेटर जातीचे होते. चार इंजिनांचे, लांब पल्ल्याचे बॉम्बफेकी विमान. नाव 'लेडी बी गुड'. दुसऱ्या महायुद्धात, ४ एप्रिल १९४३ रोजी, बेनगाझीजवळच्या सुलूक तळावरून पंचवीस लिबरेटर इटलीच्या नेपल्स बंदरावर हल्ला करायला निघाले, त्यांत ते होते. चालक विल्यम हॅटन, सहचालक रॉबर्ट टोनर, दिशादर्शक डीपी हेज, बॉम्ब टाकणारा जॉन वोराव्का, आणि त्यांच्यासोबत रिपस्लिंगर, लामोट, शेली, मूर व अ‍ॅडम्स. या नऊ जणांना लिबियात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. एकत्र लढाईवर जाण्याची ही त्यांची पहिलीच खेप होती, हे पुढचे सगळे वाचताना विसरता येत नाही.

उड्डाणाच्या वेळी तळावर वाळूचे वादळ होते. वाळू इंजिनांत गेल्यामुळे अनेक विमाने वाटेतूनच परतली. 'लेडी बी गुड' मात्र पुढे गेले. नेपल्सजवळ पोहोचेपर्यंत अंधारून आले होते आणि लक्ष्य दिसत नव्हते. मग परतीच्या वाटेवर बॉम्ब समुद्रात टाकून दिले गेले आणि विमान रात्री एकटेच घराकडे निघाले.

मध्यरात्रीनंतर बारा मिनिटांनी हॅटनने रेडिओवरून सांगितले की आपले दिशा दाखवणारे यंत्र चालत नाही, तुम्ही दिशा कळवा. बेनगाझीजवळच्या बेनिना केंद्राने ३३० अंश कळवले. म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला, समुद्रावर आहे. आहे त्याच दिशेने येत राहावे.

इथेच घात झाला, आणि तो कसा झाला हे समजून घेण्यासारखे आहे. जुना ट्रान्झिस्टर हातात धरून फिरवत आकाशवाणी पकडली असेल, तर आठवेल : एका कोनात आवाज अगदी क्षीण होतो आणि ट्रान्झिस्टर अर्धा फिरवला की पुन्हा तसाच क्षीण होतो. केंद्रावरच्या साध्या वेटोळ्याच्या अँटेनाचेही तेच होते. संदेश कोणत्या रेषेवरून येतो ते तिला कळे, पण त्या रेषेच्या कोणत्या टोकाकडून येतो ते कळत नसे. ३३० आणि १५० अंश तिच्या लेखी एकच. विमान नेपल्सकडून येणार, म्हणजे समुद्राकडूनच येणार, असे गृहीत धरून ३३० सांगितले गेले. प्रत्यक्षात विमान किनारा आणि तळ ओलांडून आत वाळवंटावर गेले होते. तळावरून प्रकाशाचे बाण सोडले, तेही वर कुणाला दिसले नाहीत. काळोख्या रात्री वरून वाळवंट आणि समुद्र सारखेच दिसतात. हॅटनला दोष द्यायला माझे मन धजत नाही; विचारायचे ते त्याने विचारले होते.

जवळजवळ दोन तास ते असेच दक्षिणेकडे उडत राहिले. इंधन संपत आले, तेव्हा रात्री दोनच्या सुमारास नऊही जणांनी उड्या घेतल्या. रिकामे विमान पुढे सुमारे २५ किलोमीटर जाऊन आपोआप जमिनीवर घसरत थांबले. सुलूकपासून ती जागा सुमारे ७०० किलोमीटर आत होती. शोध मात्र समुद्राकडेच घेतला गेला.

फेब्रुवारी १९५९ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ जमिनीवरून विमानापर्यंत पोहोचले. कोरड्या हवेने सगळे जपून ठेवले होते. मशीनगन चालत होती, रेडिओ चालत होता, थर्मासमधले पेय पिण्याजोगे होते. खायचे जिन्नस आणि पाणीही होते. माणूस मात्र एकही नव्हता, आणि पॅराशूटही नव्हते. पुढे अमेरिकी शोधपथकाला उत्तरेच्या बाजूला बूट सापडले. ते बाणाच्या टोकासारखे रचून ठेवले होते. वाटेवर पॅराशूटच्या पट्ट्या होत्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवलेले. मागून येणाऱ्यांना आपली दिशा कळावी, म्हणून कुणीतरी वाकून ते दगड वेचले असतील. त्यांच्या मागे पंधरा वर्षे कुणी आले नाही.

११ फेब्रुवारी १९६० रोजी पाच जणांचे अवशेष एकाच जागी मिळाले : हॅटन, टोनर, हेज, लामोट आणि अ‍ॅडम्स. टोनरच्या खिशात छोटी रोजनिशी होती. पुढचे सगळे आपल्याला तिच्यामुळेच कळते. आठ जण एकत्र आले, जॉन सापडला नाही. सोबत अर्धी बाटली पाणी, प्रत्येकाला दिवसाला एक झाकणभर. पंधरा मिनिटे चालायचे, पाच मिनिटे थांबायचे. दुपारी आग, रात्री हाडे गोठवणारी थंडी, झोप नाही. गुरुवारी वाळूच्या टेकड्या लागल्या आणि लामोटची दृष्टी गेली. शुक्रवारी शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. उरलेल्या पाचांना आता चालवत नव्हते, ते प्रार्थना करत बसून राहिले. रविवारी जिभेला लावण्यापुरते पाणी उरले होते. पाणी असते तर निभावले असते, असे त्याने लिहिले आहे. सोमवारी, १२ एप्रिलला, शेवटची ओळ : मदत आली नाही, रात्र फार थंड.

बसून राहण्याआधी त्यांनी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. दिशाही बरोबर होती, वायव्य, किनाऱ्याकडे. समुद्र किती लांब आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. उड्या घेतल्या त्या जागेपासून उलट दिशेला, दक्षिणेकडे, एका-दोन दिवसांच्या चालीवर त्यांचे स्वतःचे विमान पाणी आणि चालता रेडिओ घेऊन उभे होते. ते इतक्या जवळ उतरले आहे, हे कळायचा काहीच मार्ग नव्हता.

मे १९६० मध्ये शेली आणि रिपस्लिंगर सापडले. पाच जणांना मागे ठेवून, पाण्यावाचून, ते दोघे वाळूच्या टेकड्यांतून आणखी कित्येक किलोमीटर चालले होते. मूर त्यांच्याबरोबर निघाला होता. त्याचे अवशेष अधिकृतपणे आजवर मिळालेले नाहीत. ट्युनिशियात कार्थेजजवळच्या अमेरिकी युद्धस्मशानातल्या बेपत्तांच्या भिंतीवर त्याचे नाव आहे.

ऑगस्ट १९६० मध्ये जॉन वोराव्का मिळाला. त्याचे पॅराशूट पुरते उघडलेच नव्हते, त्याचे पट्टे अजून अंगावर होते. टोनरने पहिल्या दोन्ही दिवशी जॉनचा पत्ता नाही असे लिहिले, तेव्हा जॉन त्यांच्या मागेच, विमानाच्या बाजूला, वाळवंटात पडलेला होता.