हंपीचे खांब पोकळ नाहीत

परवा व्हॉट्सअॅपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरत आला. हंपीच्या विठ्ठल मंदिरातला खांब कुणीतरी बोटांनी वाजवतोय आणि खाली ओळ: ‘आत पोकळी, लुप्त झालेलं तंत्रज्ञान!’ खांब भरीव आहेत. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ते श्राव्यातीत ध्वनीने तपासलेत.

मग वाजतं काय? मुख्य खांबाभोवती त्याच शिळेतून कोरलेले बारीक खांब. वर-खाली घट्ट धरलेल्या अशा दगडी दांडीवर टिचकी मारली की ती किंचित वाकून थरथरते. सतारीच्या तारेला जागेवर आणतो तो ताण, दांडीला तिचा स्वतःचा ताठपणा. इथेच खरी गंमत आहे. तार दुप्पट लांब केली तर स्वर एक सप्तक उतरतो, दांडी दुप्पट केली तर दोन! कारण तिची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, जाडीच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा जाडी 12 सेंमी, लांबी 1.2 मीटर आणि दगडातला ध्वनिवेग सेकंदाला 4,500 मीटर. जाडी गुणिले वेग, भागिले लांबीचा वर्ग, गुणिले 1.03 (हा आकडा दोन्ही टोकं पक्की असलेल्या चौकोनी दांडीचा). उत्तर सुमारे 385 हर्ट्झ, माणूस आरामात गाईल असा स्वर. यात दैवी काही नाही. छिन्नी मारणाऱ्याचा कान मात्र तयार असणार.

तुंगभद्रेकाठी 1336च्या सुमारास वसलेल्या विजयनगरला हा ग्रॅनाइट पायाखालीच मिळाला. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने इथेच आणला आणि भानुदासांनी परत नेला, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक.

1565मध्ये तालिकोटची लढाई हरल्यावर राजधानी लुटली गेली. नदीजवळच्या या मंदिरात मोठमोठ्या आगी लावल्या गेल्या, असं रॉबर्ट स्यूएल यांनी 1900 साली लिहिलंय. ग्रॅनाइटला आग फार वाईट. त्यातल्या क्वार्ट्झ या खनिजाची स्फटिकरचना 573 अंश सेल्सिअसला बदलते, तो एकदम फुगतो, शेजारचं फेल्डस्पार तेवढं फुगत नाही आणि दगडात केसासारख्या भेगा पडतात. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तडा असेल तर आवाज बद्द येतो. दगडाचंही तेच, कारण भेगेच्या कडा एकमेकींवर घासून कंपनं गिळतात.

पर्यटकांच्या ठोक्यांनीही अशा भेगा वाढू शकतात. आता तिथे खांब वाजवायला मनाई आहे.