‘शंभर वर्षांचा पूर’ एकदाच येतो? नाही!

“2019 ला शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत भीती नाही,” असं कृष्णाकाठी सर्रास ऐकू येतं. हे साफ चूक आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता, मग तो गेल्या साली येऊन गेलेला असो वा नसो. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता 26 टक्क्यांवर जाते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर चढलं आणि 2021 मध्ये पुन्हा घरांत शिरलं. म्हणून घराचा विमा हवा; पीक विम्यात घर येत नाही, म्हशीचा विमाही वेगळा. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. ती पावसाळ्याआधीच काढा.