पुली बदलणं वेगळं, ट्यून करणं वेगळं

टर्बो आणि सुपरचार्जर, दोन्ही इंजिनमध्ये जास्त हवा कोंबतात, पण टर्बोवाल्या गाड्यांची सवय असलेल्यांचा सुपरचार्जरमध्ये हमखास गोंधळ होतो. टर्बोत ट्यूनर (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणारा) लॅपटॉप लावतो, वेस्टगेटचं (टर्बोला जाणारा धूर बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह) सेटिंग बदलतो आणि बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, वाढतो, म्हणून वाटतं की इथेपण ट्यून म्हणजे जास्त बूस्ट. पण सुपरचार्जर बेल्टने क्रँकला (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) जोडलेला, क्रँक जेवढा फिरेल त्याच प्रमाणात तो फिरणार, आणि ते प्रमाण ठरवते पुलीची, म्हणजे बेल्टच्या चाकाची, साइज. सॉफ्टवेअर कितीही बदला, सुपरचार्जरचा रोटर (आतला फिरणारा भाग) जास्त जोरात फिरणार नाही. (कंपनीनेच बायपास व्हॉल्व्ह नाहीतर थ्रॉटलने बूस्ट दाबून ठेवला असेल तर ट्यूनने थोडा मोकळा होतो, तेवढंच.)

पुलीचं गणित सोपंय. सुपरचार्जरवरची ३ इंची काढून २.७५ इंची बसवली तर रोटर साधारण ९ टक्के जास्त फिरतो. मग बूस्ट १० पीएसआय (दाबाचं एकक) असेल तर त्याचे ११ होतील असं वाटतं ना? पण गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतो, खरा दाब १४.७ धरून २४.७, त्याचे ९ टक्के म्हणजे सव्वादोनच्या आसपास, त्यामुळे कागदावर तरी काटा १२ च्या पुढे जातो. हे फुकट मिळत नाही हं, हवा जास्त तापते आणि सुपरचार्जर फिरवायलाच इंजिनची जास्त ताकद जाते.

ट्यूनमध्ये हवा जवळपास तेवढीच राहते, बदलतं ते स्पार्कचं टायमिंग, पेट्रोलचं प्रमाण, टॉर्कची लिमिट वगैरे. कंपनी कडक ऊन, हलकं पेट्रोल असं सगळं धरून टायमिंग जपून ठेवते, ट्यूनर त्यातली शिल्लक काढतो. ई८५ (मुख्यतः इथेनॉल असलेलं इंधन) टाकलं तर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) बरंच आटोक्यात राहतं आणि टायमिंग अजून पुढे नेता येतं, म्हणजे स्पार्क आणखी लवकर देता येतो, पण इंधन साधारण एक तृतीयांश जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंपाची कुवत आधी बघावी लागते.

आता नुसती पुली लावून ट्यून नाही केलं तर? हवा वाढली पण ईसीयूचे (इंजिनचा कॉम्प्युटर) आकडे जुनेच, नॉक सेन्सरने आवाज पकडला की ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि खर्च करूनही गाडी मूळपेक्षा ढिली पळू शकते. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं तर पिस्टनच जातो. म्हणून माझ्या मते आधी ट्यून आणि कूलिंग, पुली नंतर, आणि पुली लावली की परत ट्यून.

कूलिंगवर एवढा जोर का, तर सी७ कॉर्व्हेट झेड०६ बघा. ६५० हॉर्सपॉवर, पण १.७ लिटरचा छोटा सुपरचार्जर जो २०,००० आरपीएमपर्यंत फिरतो. ट्रॅकवर गाडी तापते अशी ओरड झाली आणि २०१७ च्या मॉडेलला मोठ्या व्हेंटचं नवीन बॉनेट द्यावं लागलं. अशा गाडीत हीट एक्स्चेंजर (बूस्टची हवा थंड ठेवणारा रेडिएटर) न बदलता लहान पुली लावली तर पहिला पुल, म्हणजे फुल थ्रॉटलची धाव, झकास जातो, तिसऱ्या-चौथ्याला पॉवर गळायला लागते.

अजून एक, पुली लहान झाली की बेल्टची पकड कमी होते. वरच्या आरपीएमला बूस्ट वाढायच्या ऐवजी खाली येत असेल तर बेल्ट स्लिप होत असण्याची शक्यता जास्त, आणि बरेच जण तिथे अजून लहान पुली लावतात, म्हणजे अजून स्लिप. आधी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बघा.