गोंतोर : इस्लामी शिक्षणातले बदल आणि ते टिकवायची पद्धत

गोंतोर, पूर्ण नाव पोंडोक मोडर्न दारुस्सलाम गोंतोर, ही इंडोनेशियात पूर्व जावामधल्या पोनोरोगो जिल्ह्यातली निवासी धार्मिक शाळा. अशा शाळेला तिकडे पेसांत्रेन म्हणतात, तिथे राहून शिकणाऱ्या मुलांना सांत्री आणि मुख्य गुरूला क्याई. इस्लामी शिक्षणात नवं काय आणायचं, जुनं काय ठेवायचं आणि हे ठरवणारी माणसं गेल्यावर पुढे काय, हे सगळं एकाच संस्थेत बघायचं असेल तर गोंतोर बघावं.

जुन्या पद्धतीच्या पेसांत्रेनमध्ये वर्ग नसायचे, परीक्षा नसायची, मुलं क्याईंच्या भोवती बसून अरबी ग्रंथ ऐकायची, क्याई एकेका शब्दाचा जावानीजमध्ये अर्थ सांगायचे आणि मुलं तो ओळींच्या मध्ये लिहून घ्यायची. ज्ञान खोल असायचं यात वाद नाही, पण जागा आणि कारभार सगळा क्याईंच्या घरचा, त्यामुळे क्याई गेले आणि मुलगा तेवढ्या ताकदीचा नसला की पेसांत्रेन रिकामं पडायचं. गोंतोरचं जुनं पेसांत्रेन असंच बंद पडलं होतं. ते २० सप्टेंबर १९२६ ला अहमद सहल, झैनुद्दिन फनानी आणि इमाम झरकशी या तीन भावांनी पुन्हा उभं केलं. या तिघांना इंडोनेशियात चक्क त्रिमूर्ती म्हणतात, जावामध्ये जुने संस्कृत शब्द मुसलमान लोकही सहज वापरतात.

त्याच वर्षी सुराबायाला मुस्लिम पुढाऱ्यांची परिषद झाली होती. मक्केला होणाऱ्या परिषदेसाठी अरबी आणि इंग्रजी दोन्ही येणारा प्रतिनिधी हवा होता, तसा एकही माणूस मिळाला नाही, शेवटी इंग्रजी येणारे चोक्रोआमिनोतो आणि अरबी येणारे मास मन्सूर अशा दोघा पुढाऱ्यांना पाठवावं लागलं. ही गोष्ट अहमद सहल यांच्या मनाला लागली आणि दोन्ही भाषा येणारे लोक आपणच तयार करू असं त्यांनी ठरवलं, असं गोंतोरची मंडळी सांगतात.

मोठा बदल डिसेंबर १९३६ मध्ये आला. इमाम झरकशी सुमात्रात शिकून परत आले आणि त्यांनी कुल्लियातुल मुअल्लिमीन अल-इस्लामिया, म्हणजे केएमआय, हा सहा वर्षांचा शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. बाक, फळा, इयत्ता, ठरलेलं वेळापत्रक, धर्माच्या विषयांबरोबर गणित-भूगोल आणि अरबी शिकवताना मधे भाषांतर नाही, थेट अरबीतूनच बोलायचं. मुलं पँट घालून, टाय लावून वर्गात बसायची. डचांचं राज्य असताना हा पोशाख बघून लोक भडकले, ही काफिरांची नक्कल आहे असं बोलायला लागले आणि बरीच मुलं सोडून गेली, सुरुवातीला मोजकीच उरली. झरकशींनी तरी पद्धत बदलली नाही, आणि मला यात नुसता हट्ट दिसत नाही, कारण कुठल्या गोष्टीत तडजोड करायची आणि कुठल्या नाही हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. नमाज, साधं राहणं, गुरूबद्दलचा आदर, चोवीस तास एकत्र राहणं हे जुनंच ठेवलं, शिकवण्याची रीत आणि विषय मात्र बदलले.

नमुने चार ठिकाणचे घेतले. वक्फवर, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या दान केलेल्या मालमत्तेवर, चालणारी संस्था शतकानुशतकं कशी टिकते हे इजिप्तच्या अल-अझहर विद्यापीठाकडून, गुरूंचा निःस्वार्थीपणा पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या शिंगीत या जुन्या विद्याकेंद्राकडून, आधुनिक शिक्षणाची ओढ अलीगढकडून आणि साधेपणा नि शांतता टागोरांच्या शांतिनिकेतनकडून. चारातली दोन आपल्याकडची, आणि हे आपल्या इथे फार कमी लोकांना माहीत आहे याचं वाईट वाटतं.

भाषेचा नियम आजही कडक आहे, रोजचं बोलणं अरबी किंवा इंग्रजीत, आपली प्रादेशिक भाषा बोलताना सापडलं की शिक्षा. खोल्या गावावार मिळत नाहीत, मुद्दाम मिसळून देतात. आठवड्यात भाषणांचा सराव असतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवावा लागतो आणि बाकीचे समोर बसून चुका टिपतात.

पण माझ्या मते गोंतोरचं खरं मोठं पाऊल शिकवण्यातलं नाहीच, ते मालकीतलं आहे. १२ ऑक्टोबर १९५८ ला तिघा भावांनी जमीन, इमारती सगळं वक्फ करून १५ माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे सोपवलं. म्हणजे आपल्या पोराबाळांचा वारसाहक्क स्वतःच्या हाताने सोडला. १९८५ मध्ये झरकशी गेले, तिघांपैकी ते शेवटचे, तेव्हा या मंडळाने तीन नवे प्रमुख निवडले. त्यात संस्थापकांची मुलं होती हे खरं, पण ती मंडळाने नेमलेली होती, घराणं म्हणून आपोआप आलेली नव्हती. खर्चासाठी दुकानं, छापखाना, भातगिरणी, शेती असे संस्थेचे स्वतःचे धंदे आहेत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्च १९६७ मध्ये विद्यार्थ्यांनी बंड केलं, तेव्हा सगळ्यांनाच घरी पाठवलं आणि नंतर निवडून काहींनाच परत बोलावलं. सरकारी परीक्षा आणि अभ्यासक्रम गोंतोरने घेतलाच नाही, त्यामुळे इथल्या प्रमाणपत्राला इंडोनेशियात मान्यता मिळायला कितीतरी वर्षं गेली, इजिप्तने ती त्याआधीच दिली होती. धर्म मंत्रालयाची मान्यता १९९८ ला आली, शिक्षण मंत्रालयाची २००० ला, आणि २०१९ च्या पेसांत्रेन कायद्याने स्वतःचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या अशा संस्थांना पक्कं स्थान मिळालं. मुलींसाठी पूर्व जावातल्याच मान्तिंगानला वेगळी शाखा निघाली, गोंतोरच्या उच्च शिक्षणाच्या संस्थेला २०१४ मध्ये विद्यापीठाचा दर्जा आला. विचारवंत नूरचोलिश माजिद, राजकारणी हिदायत नूर वाहिद, मुहम्मदिया या मोठ्या मुस्लिम संघटनेचे माजी प्रमुख दिन श्यामसुद्दीन हे इथले माजी विद्यार्थी, तिघांची मतं एकमेकांपासून बरीच लांबची.

वसतिगृहाची शिस्त, वेळापत्रक, दुकानं, खेळ हे मोठ्या वर्गांतली मुलंच सांभाळतात, त्यातून नेतृत्व येतं असं संस्था मानते आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीत एक सांत्री मेला, आधी दमल्यामुळे मृत्यू झाल्याचं सांगितलं गेलं, आईने आवाज उठवल्यावर संस्थेने मारहाण झाल्याचं मान्य केलं. दोषी मुलांना काढून टाकलं, पोलीस केस झाली, आणि मुलांच्या हातात मुलांवरची किती सत्ता द्यायची आणि तिच्यावर मोठ्यांची नजर कशी ठेवायची हा प्रश्न इंडोनेशियातल्या सगळ्याच पेसांत्रेनपुढे उभा राहिला.