कर्णनाद

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, किरकिर, गुणगुण ऐकू येणे म्हणजे कर्णनाद किंवा टिनिटस. हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. बहुतेकांना सोबत थोडीफार श्रवणहानी असते. ती वयामुळे, गोंगाटामुळे किंवा सिसप्लॅटिन (कर्करोगावरचे औषध), जेंटामायसिन (प्रतिजैविक) यांसारख्या औषधांमुळे होते. कधी कारण नुसता घट्ट बसलेला मळ असतो.

आवाज कानात वाटला, तरी तो टिकून राहतो मेंदूत. अंतर्कर्णातल्या, एखाद्या पट्टीचे (स्वराच्या उंचीचे) आवाज टिपणाऱ्या केसपेशी निकामी झाल्या की त्या पट्टीतले संदेश श्रवणतंत्रिकेतून कमी येतात. ही तूट भरून काढण्यासाठी वरच्या श्रवणकेंद्रांतील चेतापेशी अधिक संवेदनशील होतात आणि त्यांचीच खळबळ नाद म्हणून जाणवते, हे आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. श्रवणतंत्रिका कापल्यावरही अनेकांचा नाद जात नाही, तो यामुळेच. चेहरा आणि मानेकडून येणारे तंतूही मेंदूस्तंभातल्या श्रवणकेंद्राशी जोडलेले असतात. दात घट्ट आवळून किंवा मान वळवून नाद बदलतो का, हे पाहावे. बदलत असेल, तर जबडा आणि मानेवरच्या व्यायामोपचाराचा उपयोग होऊ शकतो.

नादाची तीव्रता मोजली, तर ती बहुधा ऐकण्याच्या उंबरठ्याहून काही डेसिबलच वर निघते. छळ होतो तो मेंदू त्याला धोक्याची सूचना मानतो म्हणून: छाती धडधडते, झोप उडते, लक्ष पुन्हा तिकडेच जाते. शांतता हा यावरचा सर्वांत वाईट उपाय. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा ९४ टक्के जणांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. म्हणून रात्री पंखा किंवा पावसाचा आवाज हळू चालू ठेवावा. नाद पूर्ण झाकू नये, तो थोडासा ऐकू येत राहावा, म्हणजे सवय होते. दिवसभर कानात बोळे घालून बसल्याने संवेदनशीलता उलट वाढते. ते खऱ्या गोंगाटापुरतेच वापरावेत. श्रवणहानी असेल, तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत मिळतात आणि नाद मागे पडतो. त्रास कमी करण्यासाठी बोधात्मक वर्तन उपचारांचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराचा) पुरावा सर्वांत भक्कम आहे. नाद बंद करणारे सिद्ध औषध मात्र अजून नाही.

नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा किंवा एकाच कानातला नाद तपासून घ्यावा. रक्तवाहिनीचा दोष किंवा श्रवणतंत्रिकेवरची गाठ निघू शकते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. स्टेरॉइडचा फायदा पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो.