अनैच्छिक अर्धवेळ काम आणि स्त्रिया

जास्त तास काम करण्याची तयारी असूनही ते न मिळाल्याने थोड्या तासांवर भागवावे लागणे, म्हणजे अनैच्छिक अर्धवेळ काम. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना त्यासाठी तीन गोष्टी पाहते: जास्त कामाची इच्छा, त्यासाठी उपलब्धता आणि ठरावीक मर्यादेहून कमी भरलेले तास. स्त्रियांची मोजणी फसते ती उपलब्धतेपाशी.

इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरात पोळ्या करायला जाणाऱ्या बाईंचा दिवस घ्या. समजा, सकाळी दोन घरे, संध्याकाळी एक. प्रत्येकी सव्वा तास. पैसे मिळतात पावणेचार तासांचे, दिवस मात्र सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत अडकलेला. मधल्या वेळात दुसरी नोकरी बसत नाही. घरची मंडळी गावाला गेली की खाड्याचे पैसे बहुधा बाईंच्याच पगारातून जातात. साड्यांच्या पिको-फॉलचेही तेच. पैसे नगावर, लग्नसराईत जागरण, पितृपक्षात मशीन झाकलेले.

भारताच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात आठवड्यातून एक तास काम केले तरी व्यक्ती साप्ताहिक स्थितीनुसार, म्हणजे मागच्या सात दिवसांच्या हिशेबात, रोजगारात धरली जाते. दैनिक स्थितीत, म्हणजे एकेका दिवसाच्या हिशेबात, चार किंवा जास्त तासांना पूर्ण दिवस, एक ते चार तासांच्या आत अर्धा. म्हणजे वरच्या बाईंचा अर्धा दिवस भरतो. पंधरा मिनिटे वाढली की पूर्ण! आणखी काम कराल का, यावर ‘मग घरचं कोण बघणार?’ असे उत्तर आले की त्या उपलब्ध नाहीत अशीच नोंद होणार. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती, पुरुषांची 97. अशा नकाराला स्वेच्छा म्हणणे धाडसाचेच.

कारखान्यात किंवा शिवणघरात कायद्याचा थोडा आधार आहे. किमान वेतन कायदा, 1948 च्या कलम 15 नुसार, रोजावर किमान दर ठरलेल्या कामगाराचे तास मालकाने काम न पुरवल्याने कमी भरले, तर वेतन पूर्ण दिवसाचे द्यावे लागत असे. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या 2019 च्या वेतन संहितेतही ही तरतूद आहे. कामगाराची स्वतःचीच इच्छा नसेल तर हा हक्क मिळत नाही, आणि वाद अडतो तो इथेच. ‘बाई आपणहून लवकर गेल्या’ हे मालकाचे म्हणणे हजेरीपट नसेल तर खोडणे अवघड जाते. म्हणून येण्या-जाण्याची वेळ, काम नसल्याने बसून राहिलेला वेळ आणि मिळालेली रक्कम रोज वहीत लिहून तिच्यावर सुपरवायझरची सही घ्यावी. सही मिळाली नाही तरी त्या-त्या दिवशी लिहिलेली वही महिन्याअखेरच्या आठवणीपेक्षा भक्कम ठरते.