शॉवरच्या भिंतीला तडा का जातो?

शॉवरजवळच्या जिप्सम बोर्डाला, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेल्या जिप्समच्या फळीला, तडा गेला की बहुतेक जण त्यात पुट्टी भरतात, वरून रंग देतात आणि काही महिन्यांनी तोच तडा पुन्हा उमटतो. यात दोष सहसा पुट्टीचा नसतो; बोर्ड आतून भिजलेला असतो.

जिप्सम म्हणजे स्फटिकात पाणी बांधून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग हे पाणीच असते आणि आगीत त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून हा बोर्ड आगीपुढे बराच वेळ तग धरतो. बाहेरून शिरलेले पाणी मात्र त्याला घातक ठरते. बोर्डाची मजबुती एकमेकांत गुंतलेल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. थोडीशी ओलही ही गुंतण सैल करते, आणि लीटरभर पाण्यात दोन ग्रॅमहून थोडे अधिक जिप्सम विरघळत असल्याने सतत झिरपणारे पाणी गाभा हळूहळू पोखरत जाते. बोर्डावरचा कागद सेल्युलोजचा, म्हणजे बुरशीचे अन्नच. ती बहुधा मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने पसरते.

म्हणून दुरुस्तीपूर्वी तड्याच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहावे. भिंत दबली, कागद सुटून आला किंवा कुबट वास आला, तर तो भाग कोरडा आणि टणक बोर्ड लागेपर्यंत कापून काढण्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या इमारतींत सांध्यांच्या लेपात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, असू शकते, त्यामुळे तिथे कापण्याआधी तपासणी करून घ्यावी. पाणी नळजोडातून येते की टाइलच्या सांध्यांतून, हे शोधून ते थांबवावे आणि आतला लाकडी वा धातूचा सांगाडा पूर्ण सुकू द्यावा.

नव्याने बसवताना तिथे सिमेंट बोर्ड वापरणे मला योग्य वाटते. हिरव्या कागदाचा ‘ओलावारोधक’ बोर्ड दमट हवेपुरता ठीक असला, तरी टाइलमागे रोजचा पाण्याचा मारा तो सोसत नाही. सिमेंट बोर्डही पाणी शोषतो, फक्त भिजून विरघळत नाही. त्यामुळे सांध्यांवर अल्कलीरोधक काचतंतूंची जाळीपट्टी बसवून त्यावर जलरोधक लेप द्यावाच लागतो, कारण टाइलच्या फटींत भरलेले सिमेंटचे मिश्रण, म्हणजे ग्राउट, पाणी पूर्णपणे अडवत नाही. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नये. तापमान आणि ओल बदलली की त्या भिंती वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, ग्राउट फुटते आणि पाण्याला वाट मिळते. तिथे लवचीक सिलिकॉनच भरावे.